बॉल जॉइंटचं ग्रीसिंग: गन उचलण्याआधी रबर बघा

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एक पिकअप माझ्या सोलापुरातल्या गॅरेजवर आली. चालकानं मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उतरवल्या आणि तो थेट इकडं आला. मोहोळ भागातल्या वस्त्यांवरून तो माल उचलतो. त्यामुळं रोजचा निम्मा रस्ता डांबरी आणि निम्मा काळ्या रानातला. उतरता उतरताच म्हणाला, "मालक, परवाच ग्रीस मारून घेतलंय. दोन दिवस गप होती, आता परत पुढनं खट-खट वाजायलीय."

मी गाडीखाली गेलो. डाव्या लोअर आर्मच्या, म्हणजे गाडीपासून चाकाकडं जाणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बॉल जॉइंटचं रबर एका बाजूनं फाटलेलं होतं. फटीतून ताजं पिवळं ग्रीस बाहेर आलं होतं आणि त्यावर काळ्या मातीचा थर बसला होता. ते ग्रीस बोटांवर चोळून पाहिलं तर कचकच लागली, भाकरीत खडा यावा तशी. ग्रीस भरपूर होतं आणि तरीही जॉइंट गेलेला होता. असं का होतं, हे त्या चालकाला समजावताना अर्धा तास गेला. हाच प्रश्न महिन्यातून चार-पाच जण तरी विचारतात, म्हणून नीट लिहून काढतो आहे.

आधी बॉल जॉइंट म्हणजे काय ते बघू. गाडीच्या पुढच्या चाकाला दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागतात. खड्डा आला की ते वर-खाली होतं आणि स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडं वळतं. तिथं दारासारखी बिजागरी बसवली तर यातली एकच हालचाल मिळेल. म्हणून तिथं उखळीचा सांधा लागतो. शाळेत शरीराच्या सांध्यांमध्ये खांदा आणि खुबा शिकलो होतो, तोच प्रकार. मोठ्या बोराएवढा गुळगुळीत पोलादी गोळा एका वाटीत बसवलेला असतो आणि गोळ्यातून एक निमुळती दांडी बाहेर येते. वाटी सस्पेंशनच्या आर्मला असते, तर दांडी चाक धरणाऱ्या, नकल नावाच्या भागात घट्ट बसते. गोळा आणि वाटीच्या मध्ये ग्रीस असतं. दांडी जिथून बाहेर येते, तिथं सगळ्यावर रबराची टोपी असते. गॅरेजमध्ये तिला कुणी बूट म्हणतं, कुणी नुसतं रबर. स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या टोकालाही असाच लहान सांधा असतो, त्याला टाय रॉड एंड म्हणतात. पुढं जे सांगतो आहे ते त्यालाही लागू आहे.

या एवढ्याशा गोळ्यावर किती भार येतो ते गाडीच्या रचनेवर ठरतं. वर-खाली दोन आर्म असून स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल, तर गाडीच्या त्या कोपऱ्याचं वजन खालच्या बॉल जॉइंटमधून चाकाकडं जातं. आजच्या बहुतेक लहान मोटारींमध्ये उभा स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र. तिथं वजन स्ट्रट उचलतो. खालच्या बॉल जॉइंटला ब्रेक लावतानाचा आणि वळतानाचा ओढा सोसावा लागतो. पण सांधा निसटला तर दोन्ही रचनांमध्ये चाक जागेवर राहत नाही.

आता ग्रीसकडं वळू. ग्रीस म्हणजे घट्ट तेल, असा समज आहे. तो अर्धाच बरोबर आहे. ग्रीसमध्ये सगळ्यात जास्त वाटा तेलाचाच असतो, पण ते तेल धरून ठेवायला एक प्रकारचा साबण मिसळलेला असतो. बहुधा लिथियमचा, जुन्या प्रकारात कॅल्शियमचा. या साबणाच्या बारीक तंतूंचं जाळं तयार होतं आणि तेल त्यात अडकून राहतं. सोलापुरात हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. आपला टॉवेल पाण्यात बुडवून बाहेर काढा. त्याच्या फुलांमध्ये पाणी धरलेलं राहतं, पिळलं की बाहेर येतं. ग्रीसही तसंच वागतं. दाब पडला की तेल सोडतं, दाब सरला की बरंचसं धरून ठेवतं. नुसतं तेल घातलं असतं तर ते एका दिवसात रस्त्यावर गळून गेलं असतं. आणि टॉवेल धुऊन धुऊन विरला की पाणी धरत नाही, तसं ग्रीसही काळानं थकतं. तेल सुटून जातं आणि मागं वाळलेला, मेणासारखा चोथा उरतो. जुना जॉइंट फोडला की आत पुष्कळदा हाच चोथा सापडतो.

पुढची गोष्ट जरा अवघड आहे, पण सगळी मेख तिथंच आहे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर ज्यांनी काम केलं आहे त्यांना माहीत असेल, की गरगर फिरणारा शाफ्ट आणि नुसता मागं-पुढं हलणारा सांधा यांची झीज सारखी नसते. शाफ्ट वेगानं फिरतो तेव्हा तो स्वतःच तेल ओढून आपल्याखाली घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर जवळजवळ तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. बॉल जॉइंटचं नशीब तसं नाही. तो कधीच पूर्ण फिरत नाही. थोडासा झुकतो, थोडासा वळतो आणि परत येतो, तोही सावकाश. असा थर तयार व्हायला वेग लागतो, तो तिथं नसतो. भार पडला की तेल बाजूला सरतं आणि गोळा वाटीवर टेकतो.

म्हणून या जागेचं ग्रीस दाबाखाली टिकणारं लागतं. त्यात जास्त दाबासाठीची द्रव्यं घातलेली असतात. काही काळसर करड्या ग्रीसमध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, गॅरेजच्या भाषेत मॉली. त्याचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असतात आणि एका थरावरून दुसरा थर सहज सरकतो. तेल बाजूला गेलं तरी हे पत्ते धातूवर चिकटून राहतात. धातू घासणाऱ्या, सावकाश हलणाऱ्या, जड सांध्यांना मॉली चांगलं लागू पडतं. जोरात फिरणाऱ्या चाकाच्या बेअरिंगला मात्र गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात सांगितलेलंच ग्रीस घाला, तिथं हौसेनं मॉली भरू नका.

घर्षण कमी करणं हे ग्रीसचं एक काम झालं. दुसरं काम आपल्याकडं जास्त महत्त्वाचं आहे. ते पोकळी भरून टाकतं आणि बाहेरच्या पाण्याला, मातीला आत जागाच ठेवत नाही.

सोलापूरचा पाऊस एकूण कमी, पण तो पडतो कसा ते बघा. जून-जुलै पुष्कळदा कोरडेच जातात, धुरळा उडत राहतो आणि सप्टेंबरमध्ये सगळा हिशेब एकदम चुकता होतो. काळी माती ओली झाली की चाकाच्या आत, आर्मवर, रबराभोवती लिंपल्यासारखी बसते. मुरमाड माती वाळली की गळून पडते, काळी माती तशी गळत नाही. ती पाणी धरून बसते आणि दिवसेंदिवस रबराला ओलसर पोटीस बांधल्यासारखी चिकटून राहते. रबराला एखादी बारीक चीर असेल तर ते पाणी आत जायला एवढा वेळ पुरेसा होतो. पाणी गोळ्यावर गंज आणतं, गंजाचे कण ग्रीसमध्ये मिसळतात, वर धुळीतल्या वाळूचे कण असतातच. वाळूतलं क्वार्ट्झ साध्या पोलादापेक्षा कठीण. मग जे ग्रीस सांधा वाचवायला घातलं, तेच पॉलिश पेपरसारखं त्याला घासू लागतं. माझ्या अनुभवात बॉल जॉइंट किलोमीटर जास्त झाल्यामुळं क्वचितच लवकर जातो. तो रबर फाटल्यामुळं जातो. कोरड्या हायवेवर वर्षानुवर्षं चालणारी मोटार आणि ओल्या रानातून ऊस काढणारी गाडी यांच्या मीटरवर एकच आकडा असला, तरी त्यांच्या जॉइंटची अवस्था एकसारखी नसते.

त्या पिकअपच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. फाटलेल्या रबरातून माती आत गेली, गोळा-वाटी झिजली, मध्ये मोकळी जागा झाली. गॅरेजच्या भाषेत प्ले आला. त्या मोकळ्या जागेत कुणीतरी ग्रीस दाबून भरलं. घट्ट ग्रीसनं दोन दिवस गोळ्याचा धक्का गादीसारखा झेलला, आवाज थांबला. मग ते फाटक्या रबरातून बाहेर पडलं आणि आवाज परत आला.

आवाज बंद झाला म्हणजे सांधा बरा झाला, असं नाही. हे मी फार महाग पडल्यावर शिकलो. ज्या गॅरेजमध्ये मी काम शिकलो तिथं एक प्रवासी जीप यायची. मालक घाईत असायचा, पुढून आवाज आला की आम्ही ग्रीस मारून द्यायचो. एके संध्याकाळी गावातल्या चौकात वळताना तिच्या पुढच्या चाकाचा खालचा जॉइंट निसटला. चाक आत मुडपलं आणि गाडी नाकावर बसली. वेग अगदी कमी होता, म्हणून कुणाला लागलं नाही. आत नऊ माणसं होती, त्यांत दोन लेकरं. तेच तुळजापूरच्या घाटात झालं असतं तर, हा विचार अजून रात्री येतो. तेव्हापासून प्ले तपासल्याशिवाय मी ग्रीस गनला हात लावत नाही.

प्ले तपासायला यंत्र लागत नाही. गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढचं चाक जॅकवर उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. जॅक कुठं लावायचा हेही महत्त्वाचं आहे. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली, चाकाच्या जवळ लावा, म्हणजे जॉइंटवरचा दाब सुटतो. स्ट्रटची गाडी असेल तर बॉडीखाली लावून चाक लोंबू द्या. हे उलटं केलं तर स्प्रिंगचा ताण सांध्याला दाबून ठेवतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. कितीतरी गाड्या याच कारणानं "ओके" होऊन जातात. मग चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून हलकेच उचलून बघा. त्याच वेळी दुसऱ्यानं जॉइंटवर बोट ठेवायचं. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. चाक हलत असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलेपणा गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर सांध्याकडं बघा. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खटका लागला तर टाय रॉड एंड तपासा. काही जॉइंटना कंपनीनं थोडीशी मोकळीक ठेवलेली असते, तिची मर्यादा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असते. मर्यादेच्या बाहेर गेला की जॉइंट बदला. झिजलेल्या धातूला ग्रीस परत भरून आणत नाही.

प्ले नसेल आणि रबर शाबूत असेल, तरच ग्रीसचा विषय. त्यासाठी आधी निपल आहे का ते शोधा. निपल म्हणजे जॉइंटवरची छोटी घुंडी, तिच्या तोंडाशी स्प्रिंगवर बसलेली बारीक गोळी असते. गन लावून दाब दिला की गोळी मागं सरते, ग्रीस आत जातं. दाब सुटला की दार बंद. परदेशात या निपलला झर्क म्हणतात, ऑस्कर झर्क नावाच्या संशोधकावरून. आजच्या बहुतेक मोटारींच्या जॉइंटला निपल नसतंच. आत प्लास्टिकची गुळगुळीत वाटी, कारखान्यातच मोजून भरलेलं ग्रीस आणि घट्ट बसवलेलं रबर. असा जॉइंट बंदच ठेवायचा असतो.

काही जण सुई रबरात खुपसून बंद जॉइंटमध्ये ग्रीस भरतात. मला ते पटत नाही. सुईचं भोक लहान असतं हे खरं, पण रबर सतत दुमडतं-उघडतं आणि भोक तिथूनच चिरत जातं. रबर नुकतंच फाटलं असेल आणि आत माती गेली नसेल तर नुसतं रबर बदलून, स्वच्छ करून, नवं ग्रीस भरता येतं. पण आतलं ग्रीस कचकच करत असेल तर नवा जॉइंटच घाला.

निपल असेल तर गन लावण्याआधी ते फडक्यानं चक्क घासून पुसा. बहुतेक जण इथंच चुकतात. निपलच्या तोंडावर बसलेली माती गनच्या दाबानं थेट सांध्यात जाते, म्हणजे ग्रीसिंगच्या नावाखाली आपणच वाळू भरतो. मग गनचं तोंड सरळ बसवा आणि सावकाश पंप करा. मध्येच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून घ्या, म्हणजे ग्रीस गोळ्याच्या सगळ्या अंगाला पोचतं. चाक उचललेलं असेल तर दाबाखालच्या बाजूलाही जागा मिळते. बॉल जॉइंटऐवजी किंग पिन, म्हणजे चाक वळायची जाड खीळ, असलेल्या जुन्या जड गाड्यांना तर ॲक्सल उचलल्याशिवाय ग्रीस मारण्यात फारसा अर्थ नाही.

किती मारायचं? रबराकडं बघा, तेच सांगतं. काही रबरांना कडेला जुनं ग्रीस बाहेर पडायला वाट असते. तिथं काळं, पाणेरी ग्रीस आधी येतं, मग नव्याचा स्वच्छ रंग दिसू लागतो. रंग बदलला की थांबा. माझे आजोबा बैलगाडीच्या आसाला नवं वंगण घालायच्या आधी जुनं काळं पुसून काढायचे, तेच हे. ज्या रबराला अशी वाट नसते, त्यावर बोट ठेवून पंप करा आणि रबर जरासं फुगल्यासारखं वाटलं की लगेच थांबा. हातगनच्या एका दाबात साधारण एक ग्रॅमच्या आसपास ग्रीस जातं, त्यामुळं पुष्कळदा दोन-तीन दाबांत काम होतं. कारच्या टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय हवा असते, तर लिव्हरची हातगन काही हजार पीएसआयपर्यंत जाऊ शकते. हवेवर चालणाऱ्या पंपानं तर क्षणात रबर फाटतं किंवा खोबणीतून निसटतं, आणि जे वाचवायला गेलो तेच गमावतो. गनच्या तोंडासमोर, गळक्या नळीसमोर बोट धरू नका. एवढ्या दाबाचं ग्रीस कातडीखाली घुसू शकतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण ती तातडीनं दवाखान्यात दाखवायची असते.

निपल ग्रीस घेतच नसेल तर जोर लावू नका. आत चोथा वाळलेला असतो किंवा गोळी अडकलेली असते. निपल काढून स्वच्छ करा, नाही तर बदला. ती स्वस्त वस्तू आहे. आटे वेगवेगळ्या मापाचे असतात म्हणून जुनं निपल खिशात घालूनच दुकानात जा. शेवटी बाहेर सांडलेलं ग्रीस पुसून टाका. ते तिथं ठेवल्यानं संरक्षण होत नाही, फक्त धूळ जमते.

ग्रीस कोणतं, तर पुस्तकात लिहिलेलं. पुस्तक नसेल तर बहुतेक सांध्यांना लिथियमचं किंवा लिथियम कॉम्प्लेक्सचं, जास्त दाब सोसणारं, २ नंबरच्या घट्टपणाचं ग्रीस चालतं. हा नंबर फक्त घट्टपणा सांगतो, दर्जा नाही. ३ नंबर त्याहून घट्ट, म्हणून चांगला, असं नसतं. सुटं मिळणारं जुन्या पद्धतीचं कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला चांगलं तोंड देतं, पण उष्णतेत लवकर हार मानतं. आपल्या मे महिन्यात, तापलेल्या रस्त्यावर, ब्रेकच्या शेजारी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ग्रीसच्या रंगावरून प्रकार ओळखायला जाऊ नका, तो रंग बहुधा कंपनीनं घातलेला असतो. दोन वेगळ्या साबणांची ग्रीसं एकत्र आली तर कधी कधी ती पातळ होऊन गळून जातात. म्हणून एका गाडीला एकच प्रकार धरून ठेवा, आणि बदलायचा असेल तर जुनं जितकं निघेल तितकं बाहेर काढा.

वॉशिंग सेंटरबद्दलही सांगायला हवं. जोराच्या पाण्याचा फवारा जवळून थेट रबराच्या कडेवर मारला तर पाणी आत शिरू शकतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी धुणं, मग सुकू देणं, मग ग्रीसिंग. उलट क्रमानं केलं तर आदल्या कामावर पाणीच पडतं. आणि गाडी चकाकावी म्हणून खालून डिझेलचा फवारा मारतात, तो तर घेऊच नका. सस्पेंशनचे बुश बहुधा नैसर्गिक रबराचे असतात, डिझेलनं ते फुगतात आणि मऊ पडतात.

किती दिवसांनी ग्रीस मारायचं, यावर पुस्तकांत ५,००० ते १०,००० किलोमीटर असे आकडे दिसतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो असेल तो पाळा, पण मी माझ्या गिऱ्हाइकांना किलोमीटरच्या जोडीला सण सांगतो, कारण ते विसरले जात नाहीत. पाऊस सुरू होण्याआधी आणि आषाढीला पंढरपूरच्या फेऱ्या वाढण्याआधी एकदा सगळी रबरं बघायची, आणि निपल असतील तर ग्रीस मारायचं. मग खंडेनवमी. त्या दिवशी गाडी धुऊन, हार घालून, नारळ फोडून पूजा करतोच. सप्टेंबरचा चिखल तोवर आत-बाहेर बसलेला असतो आणि पुढं गाळपाचा हंगाम असतो, म्हणून हाराच्या आधी ग्रीस. उसाच्या किंवा रानातल्या गाड्यांनी सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुमारास, संक्रांतीला, आणखी एकदा मारावं. बंद जॉइंटच्या मोटारींना हेच दिवस फक्त रबर तपासायला पुरे.

त्या पिकअपला नवा जॉइंट घातला, दांडीचा नट पुस्तकातल्या मापानं आवळला, नवी स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवली. उजव्या बाजूचा जॉइंट तपासला, तो घट्ट होता आणि रबर शाबूत होतं, म्हणून तो राहू दिला आणि दोन दाब ग्रीस दिलं. टायरची आतली कड खाल्लेली दिसली, म्हणून अलाइनमेंट करून घ्यायला पाठवलं. चालक निघताना म्हणाला, "मालक, हे दारावर लिहून द्या की, मला ध्यानात राहायचं नाही." ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि त्याखाली: खंडेनवमी, रबर आधी.